ओठ उचलून पाहा

बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की लसीकरणाच्या दिवशी त्याला गोवर-रुबेलाची सुई टोचतात आणि त्याच बैठकीत अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात. औषध पिवळसर, तेलकट. बाटलीबरोबर प्लॅस्टिकचा खूण केलेला चमचा असतो. पहिल्या वेळी एक मिलिलिटर, पुढे प्रत्येक वेळी दोन. आई बाळाला मांडीवर आडवं घेते, नर्सबाई गाल हलकेच दाबतात, तोंड उघडतं, चमचा रिता होतो, तोंड मिटतं. त्या उघडलेल्या तोंडात खालच्या हिरडीवर बहुधा दोन दात आलेले असतात, तांदळाच्या कणीएवढे. एखाद्या बाळाचे वरचे दोनही डोकावत असतात. त्यांच्याकडे बघण्याचं काम कुणाचंच नसतं.

दुसरा डोस दीड वर्षाच्या आसपास, आणि नंतर पाच वर्षं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी एक. एकूण नऊ. म्हणजे शाळेत पाऊल टाकण्याआधी गावातल्या प्रत्येक मुलाचं तोंड सरकारी आरोग्यसेवेसमोर निदान नऊ वेळा उघडायला हवं. पोलिओचे थेंब आणि जंताची गोळी वेगळी. गरीब घरातल्या लहान मुलांच्या दातांना वेळेवर मदत कशी पोचवायची, या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा दंतवैद्य किती आणि दवाखाने कुठे इथून सुरू होते. मला ती त्या चमच्यापासून सुरू करायची आहे.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावरचं. स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या इथून जातात. कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे या पट्ट्यात मराठीइतकीच कन्नड कानावर पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीमुळे ओळखली जाणारी विहीर याच गावातली. नकाशा उघडला तर इथल्या मुलाला दंतवैद्य दुर्मीळ नाही. सोलापूरच्या वाटेवर कुंभारीला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. शहरात शिरलं की सिव्हिल, आणि शहराच्या पार पलीकडे, पुणे रस्त्यावर केगावला दंत महाविद्यालय. सगळं मिळून तासा-दीड तासाच्या वाटेवर. पण विहीर जवळ असणं आणि पाणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वळसंगला बाहेरच्या कुणी सांगायची गरज नाही.

शेतमजुरी करणाऱ्या आईसाठी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. एका दिवसाचा रोजगार बुडतो. धाकट्याला शेजारी ठेवावं लागतं किंवा कडेवर घ्यावं लागतं. एसटीचं जाणं-येणं, केसपेपर, रांग. आणि एवढं करून डॉक्टर सांगतात की पुन्हा दोन-तीनदा यावं लागेल, दाढेचं काम एका बैठकीत होत नाही. त्यात चार वर्षांचं पोर खुर्चीवर बसायला तयार नाही. दुसऱ्या खेपेला आई येत नाही, यात नवल ते काय! म्हणून गावातलं मूल दंतवैद्यापर्यंत पोचतं ते गाल सुजल्यावर, रात्रभर रडून घर जागवल्यावर. तोवर दात वाचवण्याची वेळ गेलेली असते. उरतं ते काढणं.

त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत घरातली मोठी माणसं एकच वाक्य म्हणत आलेली असतात: “दुधाचे दात हायत, पडणारच की ते.” वाक्य खरं आहे आणि तरी त्यानं मोठं नुकसान केलं आहे. दुधाचे दात वीस. पहिला सहाव्या महिन्याच्या पुढेमागे येतो, शेवटच्या दाढा अडीच-तीन वर्षांपर्यंत. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडू लागतात, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर ती ‘पडेपर्यंत’ त्याला सात-आठ वर्षं काढायची असतात. ही दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवते. ती लवकर गेली तर शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. त्यातून आणखी एक फसगत होते. सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते ती कुठलाही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप. आईला वाटतं तीही दुधाचीच. आयुष्यभर पुरायची ती दाढ याच गैरसमजात किडून जाते.

दुखऱ्या दाढेचा जेवणावर जो परिणाम होतो तो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. सोलापूरकडचं अन्न चावून खायचं अन्न आहे. ज्वारीची भाकरी, कधी कडक भाकरी, शेंगाची चटणी, भाजलेले दाणे. दाढ ठणकत असली की मूल भाकरी बाजूला सारतं. मग त्याला चहात बुडवलेलं बिस्किट किंवा टोस्ट दिला जातो, कारण तेवढंच ते खातं. ते मऊ, गोड, दाताला चिकटणारं. दुखण्यानं गोड वाढतं, गोडानं दुखणं वाढतं. अंगणवाडीच्या वजनकाट्यावर असं मूल हलकं भरलं की चर्चा आहाराची होते, प्रोटीनची होते. त्याला चावता येतं का, हे पाहायला तोंड उघडलं जात नाही.

क्वचित याहून भयंकर घडतं. फेब्रुवारी 2007 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक मुलगा दगावला. किडलेल्या दाढेतला जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. घर गरीब, विम्याचं छत्र तुटलेलं, आणि सरकारी योजनेतले पेशंट घेणारा दंतवैद्य आईला सापडत नव्हता. दाढ काढायला 80 डॉलर पुरले असते. मेंदूच्या शस्त्रक्रियांवर आणि रुग्णालयातल्या आठवड्यांवर अडीच लाख डॉलर खर्च झाल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. त्या धक्क्यानंतर, 2009 मध्ये, तिथल्या मुलांच्या आरोग्यविम्यात दातांची सेवा कायद्यानं बंधनकारक झाली. श्रीमंत देशातलं हे उदाहरण मुद्दाम दिलं. दंतवैद्यांची संख्या वाढली की गरिबाच्या मुलाचा प्रश्न आपोआप सुटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते लक्षात ठेवावं.

आता थोडं कीड म्हणजे काय याबद्दल. ‘दाताला कीड लागली’ या शब्दांतच एक जुनी समजूत मुरलेली आहे की आत खरोखरची अळी असते. खेड्यापाड्यांत भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ही कीड ‘पाडण्याचा’ उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तापलेल्या निखाऱ्यावर बिया टाकायच्या, धूर नळीनं तोंडात घ्यायचा, आणि थोड्या वेळानं खालच्या भांड्यात बारीक पांढऱ्या अळ्या दिसतात. युरोपातही अशाच एका विषारी झाडाच्या बियांचा धूर देत. पांढरं जे दिसतं ते बियांच्या आतले कोंभ असतात, आचेनं फुटून बाहेर आलेले. दातातल्या किड्याची कल्पना मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटांवरच्या लिखाणातही सापडते, इतकी ती जुनी आहे. 1728 मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं आपल्या ग्रंथात ती नाकारली. 1890 मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकनानं खरी यंत्रणा मांडली: तोंडातले जंतू साखर खातात, त्यातून आम्ल तयार होतं, आम्लानं दाताचं कवच विरघळतं.

हे विरघळणं एका दिशेनंच चालत नाही, आणि सगळी आशा इथेच आहे. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावर आम्ल वाढतं, कवचातलं कॅल्शियम सुटू लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल सौम्य करते, निघालेलं कॅल्शियम परत बसवते. याला अर्धा तास, कधी जास्तही लागतो. मुलानं दिवसातून तीनदा पोटभर खाल्लं तर लाळेला हिशेब चुकता करायला वेळ मिळतो. तेच मूल सकाळी चहा-बिस्किट, मग चॉकलेटची गोळी, मग खारी, मग पुन्हा चहा असं तासातासाला चरत राहिलं तर दाताची झीज भरून निघायला उसंतच मिळत नाही. म्हणून साखर किती, याइतकंच ती किती वेळा, याला महत्त्व आहे. आणि रात्री झोपेत लाळ जवळजवळ आटते. तोंडात गोड दुधाची बाटली ठेवून झोपलेल्या बाळाचे वरचे पुढचे चार दात तासन्‌तास त्या दुधात भिजत राहतात. खालचे वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते. वरचे काळे-तपकिरी खुंट आणि खालचे दात शाबूत, असं मूल दिसलं की त्याच्या रात्रीचा इतिहास न विचारता कळतो.

खड्डा पडण्याआधी कित्येक महिने एक खूण दिसते. हिरडीला लागून दातावर खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा. तिथलं कवच पोकळ होऊ लागलेलं असतं, पण अजून फुटलेलं नसतं. या टप्प्यावर दात परत पक्का होऊ शकतो, ना सुई लागते ना यंत्र. पट्टा दिसण्यासाठी फक्त वरचा ओठ उचलून उजेडात पाहावं लागतं. ते आईला शिकवता येतं, आशाताईला येतं, अंगणवाडी सेविकेला येतं.

आईला दोष देणं फार सोपं आहे. वळसंगहून सोलापूरला जाताना लागणाऱ्या कुंभारीत विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेनं दहा हजार घरांची वसाहत उभी केली. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही वसाहत 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. त्यामागे नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखालचा लांबचा लढा होता. तिथेच पुढे तीस हजार घरांचं रे नगर आखलं गेलं आणि त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये मिळाली. या घरांमधून विडी वळणाऱ्या बाईचा दिवस असा असतो: पानं भिजवा, कात्रीनं मापात कापा, तंबाखू भरा, वळा, दोरा गुंडाळा, पुन्हा पान. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. हात थांबला की मजुरी थांबली. मांडीशी लागून भोकाड पसरलेल्या पोराच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दिला तर ते अर्धा तास शांत बसतं. या अर्ध्या तासाची किंमत तिला माहीत आहे. ‘मुलांना गोड देऊ नका’ असं पोस्टर लावून जाणाऱ्याला ती माहीत नसते. त्या पुड्याऐवजी तेवढ्याच पैशात, तेवढ्याच झटपट काय देता येईल, हे सांगता आलं तरच बोलावं. भाजलेले शेंगदाणे तीन-चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून लहानग्यांना दाण्याचं कूट भाकरीच्या तुकड्यावर, केळं, उकडलेलं रताळं, मुरमुरे. आणि पुडा द्यायचाच तर जेवणाला जोडून, एकदाच.

दात घासण्याचंही तसंच. घरात टूथपेस्टला ‘कोलगेट’च म्हणतात, कुठल्याही कंपनीची असो. पण मोठ्यांच्या तोंडात अजून राखुंडी, लाल मंजन आणि बायकांच्या बाबतीत मिश्री असते. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली ही मिश्री हिरड्यांना लावायची सवय दाताच्या निमित्तानं सुरू होते आणि व्यसन बनते. 1992 मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरायला बंदी घातली, पण घरच्या तव्याला ती बंदी कशी लागू होणार? आजीच्या बोटावरची मिश्री पाहत मोठं होणारं मूल दात घासणं म्हणजे काय, ते तिथून शिकतं. बाळाच्या दातांबद्दल बोलायचं निमित्त करून आजीच्या मिश्रीबद्दल बोलता येतं, आणि थेट तिच्याशी त्या विषयावर वाद घालण्यापेक्षा ही वाट मला जास्त आशेची वाटते.

किती मुलांचा प्रश्न आहे हा? 2002-03 च्या राष्ट्रीय मुखआरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी 51.9 टक्क्यांच्या दातांना कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालात जगातल्या 51 कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले असल्याचा अंदाज आहे. अर्ध्याअधिक मुलांना जडणारा हा आजार आपण आजार म्हणून मोजतही नाही, ही खरी अडचण.

उपाय मात्र साधे आहेत आणि त्यांतल्या कशालाही दंतवैद्याची खुर्ची लागत नाही. पहिला उपाय फ्लोराइडची पेस्ट. पहिला दात दिसल्या दिवसापासून, दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा झोपताना. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत 1000 पीपीएम लिहिलेलं पाहून घ्यावं. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडची कमाल मर्यादा तेवढीच आहे, आणि मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत, गोड वासाच्या अनेक पेस्टमध्ये निम्मंच असतं. मोठ्यांची साधी, स्वस्त पेस्ट, फक्त दाण्याएवढी घेतलेली, मुलाला जास्त उपयोगाची. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घासून द्यायचं काम मोठ्यांचं. आणि घासल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं. हे शेवटचं सांगितलं की घरोघरी आश्चर्य व्यक्त होतं.

दुसरा उपाय फ्लोराइडचं वार्निश. पाच टक्के सोडियम फ्लोराइड असलेला हा चिकट, मधासारखा लेप. दात कापसानं पुसायचे, बारीक ब्रशनं लेप फिरवायचा. एका बाळाला पाव मिलिलिटर पुरतो आणि काम दोन मिनिटांत होतं. लाळेशी गाठ पडताच तो दाताला घट्ट धरतो. वर्षातून किमान दोनदा लावायचा असतो. 2013 मध्ये कॉक्रेन संस्थेनं जगभरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा दुधाच्या दातांची कीड सरासरी 37 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. म्हणजे वार्निश सगळं थांबवत नाही. साखर तशीच राहिली, घासणं तसंच राहिलं, तर नुसत्या लेपावर भिस्त ठेवणं चुकीचं. पण दर तीन खड्ड्यांपैकी एक टळत असेल, तर मजुराच्या घरात ती मोठी गोष्ट आहे.

आणि ज्यांचे दात आधीच किडले आहेत त्यांचं काय? त्यांच्यासाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण आहे. जपानमध्ये ते 1970 च्या सुमारापासून वापरात आहे. किडलेल्या खळग्यात एक थेंब टेकवला की चांदी जंतू मारते, फ्लोराइड उरलेला भाग टणक करतं, आणि बऱ्याच दातांत कीड जागच्या जागी थांबते. सुई नाही, ड्रिल नाही, रडारड नाही. खोट एकच: किडलेला भाग कायमचा काळा होतो. पुढच्या दाताला लावायचं असेल तर आईला आधी फोटो दाखवून, तिची संमती घेऊनच. मागच्या दाढांना बहुतेकींची हरकत नसते. आणखी एक पद्धत 1980 च्या दशकात टांझानियात विकसित झाली. वीज नसलेल्या ठिकाणी नुसत्या हाताच्या अवजारांनी मऊ झालेला भाग खरवडून काढायचा आणि ग्लास आयोनोमर नावाचं, हळूहळू फ्लोराइड सोडणारं सिमेंट भरायचं. शाळेच्या बाकावर मूल आडवं झोपवून हे होतं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं फ्लोराइड पेस्ट, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयोनोमर सिमेंट या तिन्हींना अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. पॅरासिटामोल ज्या यादीत आहे, त्याच यादीत.

फ्लोराइड म्हटलं की महाराष्ट्रात एक रास्त भीती पुढे येते. विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग, पुढे हाडांचे विकार, हे लोकांनी पाहिलं आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. म्हणून कुठल्याही गावात काम सुरू करण्याआधी तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्याचा अहवाल काढून वाचावा. ती तपासणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. डाग पडतात ते रोज, वर्षानुवर्षं, पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे, दात जबड्यात घडत असताना. वर्षातून दोनदा दाताच्या पाठीवर लावलेल्या थेंबभर लेपाचा हिशेब वेगळा आहे. हा फरक गावात नीट समजावून सांगितला नाही, तर ‘तेच विष पोरांना लावतात’ ही अफवा एका दिवसात पसरेल, आणि ती पसरवणाऱ्यांचा हेतू वाईट असणार नाही.

हे सगळं करायचं कुणी? इथे आपल्याकडे एक सांगाडा तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला, म्हणजे महाराष्ट्रातच झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीसेक आजारांसाठी तपासणी, आणि त्या यादीत दातांचे आजारही आहेत. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता असं पथक गाडीतून फिरतं. शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा. दोनदा, म्हणजे पुन्हा तेच सहा महिने! अ जीवनसत्त्वाचा चमचा सहा महिन्यांनी, जंताची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, पथकाची फेरी सहा महिन्यांनी, आणि वार्निशची गरज सहा महिन्यांनी. तीन घड्याळं एकाच ठोक्यावर चालू आहेत, चौथं त्यांच्याशी जुळवायचं आहे.

आज पथक तोंड पाहतं, कीड दिसली की कागदावर खूण करतं आणि पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी देतं. चिठ्ठी घरी डब्यात जाते. पथकातली माणसं कष्टाळू असतात, त्यांच्या हातात चिठ्ठीपलीकडे काही दिलेलंच नाही. खड्डा मोजून पुढे पाठवण्याऐवजी पांढरा पट्टा शोधून तिथल्या तिथे लेप लावणं, एवढा बदल त्या दोन मिनिटांत बसतो. त्यासाठी आरोग्य विभागाचा स्पष्ट आदेश लागेल, नर्स आणि आयुष डॉक्टरांना प्रशिक्षण लागेल, आणि दंत महाविद्यालयानं या प्रशिक्षणाची आणि देखरेखीची जबाबदारी घ्यावी लागेल. इंटर्नना शिबिराला पाठवून तपासलेल्या तोंडांचा आकडा जाहीर करणं पुरेसं नाही. महाराष्ट्रानं 2023 मध्ये स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकरना सोबत घेतलं. चेहरा मोठा आहे, त्याचा उपयोग होईल. पण पोस्टरवरचा सचिन वळसंगच्या नऊ महिन्यांच्या बाळाचा ओठ उचलू शकत नाही.

दुसरीकडे हे झालेलं आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात 2000 च्या सुमारास ठरवलं गेलं की गरीब घरातली बाळं दंतवैद्याकडे जात नाहीत, पण लसीसाठी बालरोगतज्ज्ञाकडे जातात. तेव्हा वार्निश तिथेच लावायचं. ज्या मुलांना चार किंवा अधिक वेळा लेप मिळाला त्यांना पुढे दात भरण्या-काढण्याची गरज कमी पडली. स्कॉटलंडनं बालवाड्यांत रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली दात घासणं सुरू केलं, गरीब वस्त्यांत वार्निशही दिलं. पहिलीत येणाऱ्या ज्या मुलांच्या दातांना उघड कीड नाही, त्यांचं प्रमाण 2003 मधल्या सुमारे 45 टक्क्यांवरून 2020 पर्यंत सुमारे 74 टक्क्यांवर गेलं.

आपल्याला मात्र ही कल्पना स्कॉटलंडहून आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं, तेव्हा त्यांना दिसलं की पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत. मग बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. तिथे आधी मुलांना स्वच्छ केलं जाई, अंघोळ, नखं, केस, आणि मग गाणी-गोष्टी. 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली, पण वाटेत स्वच्छतेचा तो भाग पातळ झाला. खिचडीआधी हात धुण्याची रांग आजही लागते. खिचडीनंतर दात घासण्याची लावायची, तर प्रत्येक मुलाला नावाचा ब्रश, तो एकमेकांना न चिकटता उभा वाळेल असं भोकं पाडलेलं स्टँड, आणि सगळ्यांत मिळून एक ट्यूब लागेल. दर तीन महिन्यांनी नवे ब्रश. सेविकेच्या डोक्यावर आधीच नोंदींचा, मोबाइलमधल्या माहितीचा डोंगर आहे. तिला हे काम देताना एखादी नोंदवही तरी कमी करावी.

भाषेकडेही पाहावं लागेल. या पट्ट्यात दात कन्नड घरात ‘हल्लु’ असतो, सोलापुरातल्या पद्मशाली घरांत तेलुगूतला ‘पन्नु’. लघवी, ताप, जुलाब यांबद्दल आशाताई तिन्ही भाषांत बोलू शकतात, कारण त्याबद्दल बोलायला त्यांना शिकवलं गेलं. बाळाच्या दाताबद्दल त्यांना अजून कुणी वाक्यच दिलेलं नाही.

तेव्हा असा एक लसीकरणाचा दिवस डोळ्यांसमोर आणून पाहू. सुई झाली, रडणं ओसरलं. आई आणि नर्सबाई समोरासमोर खुर्चीवर बसतात, गुडघ्याला गुडघा लावून. बाळाचे पाय आईच्या कमरेशी, डोकं नर्सबाईंच्या मांडीवर. बाळाला आईचा चेहरा दिसत राहतो. नर्सबाई वरचा ओठ अंगठ्यानं उचलतात, मोबाइलचा टॉर्च आशाताईंच्या हातात. “हे बघा ताई, हिथं हिरडीपाशी पांढरं दिसतंय का? न्हाई ना? चांगलंय. दर पंधरा दिवसांनी असंच बघत जावा.” कापसानं दात पुसले जातात, ब्रश फिरतो, आणि मग चमचा, तोच अ जीवनसत्त्वाचा. सोबत आलेल्या सासूबाई पुढे वाकून बघतात आणि म्हणतात, “अगं बाई, दात पिवळे केले की पोराचे.” “उद्यापर्यंत जातंय ते, मावशी,” आशाताई सांगतात, “आज रात्रीच्याला घासू नका, आन्‌ कडक भाकरी देऊ नका. उद्यापास्नं तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट.” सासूबाई बोटाच्या पेरावर दाण्याचं माप दाखवतात, एवढीच का? एवढीच. कार्डावर पुढच्या चमच्याची तारीख लिहिली जाते, आणि त्याच ओळीत, शेजारी, दाताची.